नदीत कयाक घालण्याआधी

घोड नदीच्या एखाद्या बंधाऱ्यावरून पाणी पडत असताना खालच्या फेसात अडकलेला नारळ तुम्ही पाहिला असेल. कुणीतरी वर नदीला वाहिलेला तो नारळ भिंतीवरून खाली येतो, फेसात गडप होतो आणि चार-पाच हात पुढे वर निघतो. आता तो शिरूरच्या दिशेने जाईल असे वाटते. पण तो उलटा भिंतीकडे सरकतो, पुन्हा बुडतो, पुन्हा वर येतो. तासाभराने पाहिले तरी तो तिथेच असतो. सगळी नदी खाली चालली असताना हा एकटा नारळ का जात नाही?

जुन्नर-आंबेगावच्या नद्यांवर खळाळत्या पाण्यात कयाक चालवायची इच्छा असलेल्याने पहिल्यांदा या नारळाचे उत्तर शोधावे. कयाक म्हणजे एका माणसाची, वरून झाकलेली, दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवायची छोटी होडी. तलावात ती सहज चालते. नदीत मात्र होडी कोणती आणि दंडात ताकद किती याआधी पाणी काय करते आहे हे कळावे लागते. कयाकिंगमधले बरेच अपघात पाण्यात उतरण्याआधीच ठरलेले असतात. चुकीचा दिवस, चुकीचा टप्पा किंवा न पाहिलेला बंधारा, यांपैकी एक गोष्ट त्यांच्या मुळाशी असते.

नारळ का अडकतो

बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली आले की लगेच पुढे जात नाही. पडण्याच्या वेगाने ते तळापर्यंत खोल घुसते, तळाशी काही अंतर जाते आणि मग वर उसळते. उसळलेल्या पाण्याची दोन भागांत फाटाफूट होते. एक भाग नदीबरोबर पुढे जातो. दुसरा भाग पृष्ठभागावरून उलटा, भिंतीकडे येतो, कारण पडणाऱ्या धारेने तिथे खड्डा केलेला असतो आणि तो भरायला पाणी धावते. भिंतीशी आले की वरून पडणारी धार त्याला पुन्हा खाली ढकलते. आडव्या आसावर फिरणाऱ्या रहाटासारखे हे पाणी फिरत राहते. तरंगणारी वस्तू या रहाटाच्या पोहऱ्यात सापडली की तिची फेरी संपत नाही. नारळाचे तेच होते, लाकडाच्या ओंडक्याचे तेच होते आणि माणसाचेही तेच होते.

पट्टीचे पोहणारेही इथे का बुडतात, याची आणखी दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे फेस. त्या पाण्यात हवा एवढी मिसळलेली असते की ते माणसाला नीट तोलून धरत नाही. हात मारला तर पकड मिळत नाही आणि श्वास घेतला तर फेसच आत जातो. दुसरे म्हणजे बंधाऱ्याची सरळ रेषा. खडकावरून पडणाऱ्या नैसर्गिक धबधब्याची कड वाकडीतिकडी असते, त्यामुळे उलटे फिरणारे पाणी कुठेतरी तुटते आणि बाजूने सुटायला वाट मिळते. माणसाने बांधलेली भिंत या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखी असते आणि दोन्ही टोकांना दगडी किंवा काँक्रीटच्या बाजूभिंती असतात. म्हणजे पुढेही वाट नाही आणि बाजूलाही नाही. अवघ्या पाच-सहा फूट उंचीचा बंधारा वीस फुटांच्या धबधब्यापेक्षा जास्त माणसे मारू शकतो, तो याच कारणाने.

आता हेच पाणी खडकामागे पाहा. प्रवाह खडकाच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेला की मागे पोकळी राहते आणि ती भरायला थोडे पाणी प्रवाहाच्या उलट, खडकाकडे येते. कयाकवाले या जागेला एडी म्हणतात. इथेही पाणी उलटेच वाहते, पण ते आडवे पसरून फिरते, खाली खेचत नाही. म्हणून एडी ही नदीतली विसाव्याची जागा ठरते. जाणकार कयाकपटू एका एडीतून दुसऱ्या एडीत असाच खाली उतरतो. प्रत्येक ठिकाणी थांबतो, पुढचे पाहतो, साथीदाराची वाट पाहतो. पुढची एडी दिसल्याशिवाय हातातली सोडायची नाही, हा त्याचा नेम असतो.

अशा उभ्या आसावर फिरणाऱ्या पाण्याची ताकद पाहायची असेल तर कुकडी नदीच्या काठाने खाली निघोजला जावे. शिरूर आणि पारनेर तालुक्यांच्या सीमेवर, टाकळी हाजीसमोर, कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे प्रसिद्ध आहेत. भोवऱ्यात सापडलेले गोटे हजारो वर्षे गरगर फिरत राहिले आणि त्यांनी काळ्या बसाल्टला रांजणाएवढी, काही ठिकाणी त्याहूनही खोल भोके पाडली. लहान प्रमाणात असे खळगे सह्याद्रीतल्या बहुतेक नद्यांच्या खडकाळ पात्रांत असतात. पावसाळ्यात ते दिसत नाहीत आणि पाय टाकला की अडकतो.

गुडघाभर पाणी का पाडते

धरणातून किती पाणी सोडले हे वर्तमानपत्र क्युसेकमध्ये सांगते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. एक हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ घनमीटर, अर्थात दर सेकंदाला २८ टन पाणी. बातमीत हा आकडा किरकोळ वाटतो, पण पात्रात उभे राहिल्यावर तो तसा वाटत नाही.

समजा नदी ३० मीटर रुंद आणि एक मीटर खोल आहे. एक हजार क्युसेक पाणी तिथून सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगाने जाईल, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही किंचित कमी. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या माणसावर त्याचा दाब साधारण २५ किलो वजनाएवढा येतो. धडधाकट माणूस तो पेलतो. पुढे हीच नदी दोन कातळांमधून दहा मीटरांत आवळली गेली आणि खोली तेवढीच राहिली, तर वेग तिप्पट होतो. दाब मात्र तिप्पट न होता नऊपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. २५ किलोचे सव्वादोनशे किलो होतात. याच्यापुढे कुणीही उभा राहू शकत नाही.

म्हणून वाहत्या पाण्यात पडलेल्या माणसाने उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही, हा कयाकिंगमधला पहिला धडा आहे. पाय दोन दगडांच्या फटीत किंवा खळग्यात अडकला की मागून येणारे पाणी अंगाला पुढे वाकवते आणि गुडघ्याच्या थोडे वर असलेल्या पाण्यातही डोके बुडते. पाठीवर तरंगायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पृष्ठभागावर ठेवायचे, हातांनी तिरके पोहत एडी गाठायची आणि पाणी संथ व उथळ झाल्यावरच उठायचे. शिबिरांत हे संथ पाण्यात पुन्हा पुन्हा करून घेतात. घाबरलेला माणूस विचार करत नाही. सवयीने जे अंगात बसले असेल तेच तो करतो.

पाऊस डोंगरात, पूर आपल्याकडे

कुकडी नाणेघाटाच्या परिसरात, कुकडेश्वराजवळ उगम पावते. घोड आहुपे-भीमाशंकरच्या बाजूने येते. पुष्पावती माळशेज घाटाच्या अंगाने ओतूरकडे उतरते. या सगळ्यांचा माथा सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहे आणि तिथे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला जुन्नर, घोडेगाव, नारायणगावकडे यावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. अंतर फार तर तीस-चाळीस किलोमीटरचे. त्यामुळे जुन्नरच्या बाजारपेठेत ऊन पडलेले असते आणि त्याच वेळी नाणेघाटात हातभर अंतरावरचे दिसत नाही. नदीवरचा दिवस ठरवताना जुन्नरचे आभाळ पाहून काहीच कळत नाही. आभाळ पाहायचे ते घाटमाथ्याचे. हवामान खात्याच्या अंदाजात ‘पुणे जिल्हा’ आणि ‘पुणे जिल्ह्याचा घाटमाथा’ असे वेगळे इशारे असतात. आपल्या उपयोगाचा दुसरा.

किती पाणी येऊ शकते याचा हिशेब घरबसल्या करता येतो. समजा आपल्या टप्प्याच्या वर नदीचे पाणलोट क्षेत्र ५० चौरस किलोमीटर आहे. तिथे तासाभरात ४० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला निम्मा दोन तासांत नदीत आला. उत्तर येते दहा लाख घनमीटर, म्हणजे दोन तास सलग सुमारे पाच हजार क्युसेक. सकाळी ज्या ओढ्यातून पँट वर करून पार झालो, त्यातच हे पाणी येणार. जूनच्या पहिल्या पावसात तापलेली माती बरेच पाणी पिते. जुलै-ऑगस्टमध्ये ती गच्च भिजलेली असते आणि खाली अभेद्य कातळ असतो, त्यामुळे पडेल ते पाणी थेट नदीला मिळते. तेवढ्याच पावसाला जूनमध्ये नदी थोडी फुगते आणि जुलैत पूर येतो.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत चार लहान मुले होती. ती माणसे पोहत नव्हती, कयाकमध्येही नव्हती. ओढ्याच्या मध्यावर खडकावर उभी होती आणि पाणी वाढले. पाणी वाढण्याआधी खुणा दिसतात. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागते, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाजाचा पोत जाड होतो. थांबलेल्या प्रत्येक जागी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवावा. दहा मिनिटांत तो बुडाला तर काठ चढायचा, चर्चा वर गेल्यावर करायची.

आंबेगाव तालुक्यातल्या पश्चिम पट्ट्यात आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. मुसळधार पावसाच्या सलग दिवसांनंतर हे उतार सैल झालेले असतात. अशा आठवड्यात तिथल्या अरुंद खोऱ्यांत हौसेने जाणे म्हणजे स्वतःचा जीव धोक्यात घालणे आणि आधीच दमलेल्या स्थानिक बचाव यंत्रणेवर आपला भार टाकणे. अशा दिवसांत जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

धरणाच्या वर एक नदी, खाली दुसरी

कुकडी प्रकल्पात माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे आहेत. सगळ्यांत मोठे डिंभे. घोड नदीवरचे हे धरण साडेतेरा टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी साठवते, त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे आणि जुने आंबेगाव त्याच्याच पोटात आहे. धरणाच्या वर नदी पावसावर चालते. धरणाच्या खाली ती जलसंपदा खात्याच्या वेळापत्रकावर चालते. म्हणून सहलीचे नियोजन दोन्हीकडे वेगळे.

वरच्या भागात खळाळते पाणी जुलै ते सप्टेंबर मिळते आणि पाऊस थांबला की दोन-तीन दिवसांत ओसरते. माझ्या मते तिथला योग्य काळ म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, जोराच्या सरी ओसरल्यानंतरची उघडीप. खाली, घोडेगाव-कळंबच्या बाजूला, पावसाळ्यात धरण भरले की सांडव्यातून विसर्ग सुरू होतो आणि तो काही तासांत अनेक पटींनी वाढवला जाऊ शकतो. पावसाळ्यानंतर शेतीसाठी आवर्तने सुटतात. काही पाणी कालव्यांना जाते, काही नदीपात्रातले बंधारे भरायला. विसर्ग वाढवण्याआधी प्रशासन नदीकाठच्या गावांना इशारा देते. तो तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि गावातल्या मोबाइल गटांवर येतो. आपण पुण्याहून आलेलो असलो तर तो आपल्यापर्यंत पोहोचत नाही. तो आपण विचारून घ्यायचा असतो, आदल्या दिवशी आणि निघतानाही.

सोडलेले पाणी आपल्यापर्यंत कधी येईल? नदी ताशी पाच किलोमीटर वेगाने वाहत असेल तर दहा किलोमीटर खाली वाढ पोहोचायला साधारण दोन तास लागतात. पात्र उताराचे आणि अरुंद असेल तर त्याहून लवकर. दुपारी बाराला विसर्ग वाढणार असेल तर त्या टप्प्यातून साडेबारापर्यंत बाहेर पडण्याचा बेत हा बेत नव्हेच. त्या दिवशी पाण्यात उतरायचेच नाही.

कालव्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. डिंभ्याचा डावा कालवा येडगावकडे पाणी नेतो. सरळ आणि वेगवान अशा कालव्यात होडी घालावी असा मोह तरुण मुलांना होतो. पण अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू तिरक्या, गुळगुळीत आणि शेवाळलेल्या असतात. पडलेल्या माणसाला पकडायला काही नसते आणि पुढे पाणी बोगद्यात किंवा ओढ्याखालच्या बंद मोरीत शिरते. कालव्यात कयाक कधीही घालू नये.

वेळापत्रकावर चालणारी नदी चांगली कशी वापरता येते, हे पाहायला सह्याद्री ओलांडून कोलाडला जावे लागते. मुळशी धरणाचे पाणी डोंगरातून पश्चिमेला नेऊन सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडतात. १९२७ पासून तिथे वीज तयार होते. ज्या मुळशीसाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, ज्या पाण्याखाली मावळातली गावे गेली, तेच हे पाणी. वीज करून झाल्यावर ते कुंडलिका नदीत येते. एरवी ते भीमेतून बंगालच्या उपसागराला गेले असते, आता अरबी समुद्राला मिळते. वीजगृहातून पाणी सुटले की कोलाडचे राफ्टिंग सुरू होते आणि भर उन्हाळ्यातही साधारण बारा किलोमीटरचा खळाळता टप्पा मिळतो. प्रमाण माहीत, वेळ माहीत, टप्पा रोजचा पाहिलेला. शिकणाऱ्याला हवे असते ते हेच.

याउलट गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या म्हादईवर पावसाळी राफ्टिंग चालते ते बव्हंशी पावसाच्या पाण्यावर. तिथे रोज सकाळी पातळी पाहून त्या दिवसाचा निर्णय होतो. जुन्नर-आंबेगावचा वरचा भाग म्हादईच्या जातीचा आहे, पण तिथे रोज पाणी पाहणारी मंडळी नाहीत. ते काम आपल्यालाच करावे लागते.

मे महिन्यातली पाहणी

नदी ओळखण्याचा सगळ्यांत चांगला काळ म्हणजे ती कोरडी असते तेव्हाचा. आधी नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. नदी ओलांडणाऱ्या दोन लागोपाठ रेषांमधले अंतर मोजा. ते चार किलोमीटर असेल तर उतार किलोमीटरला पाच मीटर, म्हणजे बऱ्यापैकी सौम्य. अंतर एकच किलोमीटर असेल तर किलोमीटरला २० मीटर उतार झाला आणि तो कसलेल्यांचा प्रांत. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तर तिथे धबधबा आहे.

मग पायी. पूर्ण टप्पा पात्रातून किंवा काठाने चालायचा. कुठल्या खडकाखाली पोकळी आहे, कुठे मोठमोठे धोंडे एकमेकांवर पडून त्यांच्या फटींतून पाणी जाईल, कुठे करंज-उंबराच्या फांद्या पाण्यात लोळतील, हे मे महिन्यात उघड दिसते. फटींतून पाणी जाते आणि माणूस जात नाही अशा जागेला कयाकवाले स्ट्रेनर म्हणतात. कुठल्याही खळाळापेक्षा पडलेले झाड भयंकर असते, कारण पाणी आपल्याला त्याच्यावर नुसते दाबून धरते.

या दोन तालुक्यांत नदीकाठाला आणखी बरेच काही असते. शेतीपंपांच्या मोटारी, पात्रात उतरलेले पाइप, त्यांना बांधलेल्या तारा, मासेमारीची जाळी, वाळूसाठी केलेले खड्डे. पूर आला की विजेची केबल पाण्यात लोंबते. मोटारींच्या जागा नकाशावर खुणा करून ठेवा आणि त्या शेतकऱ्यांशी बोला. नदी मागच्या पावसाळ्यात कुठवर आली होती, कोणत्या डोहात कोण गेले होते, कोणता बंधारा फुटका आहे, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. पोलीस पाटलांना आपली तारीख आणि वेळ सांगून ठेवली तर गावात गैरसमजही होत नाही आणि अडचणीला माणसे धावतात. घोडच्या वरच्या खोऱ्याचा काही भाग भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून येतो, तिथे वनखात्याची परवानगी घ्यावी. धरणाच्या जलाशयात होडी घालायची तर जलसंपदा खात्याची.

बाहेर पडण्याच्या वाटाही याच वेळी ठरवायच्या. दर दोन-तीन किलोमीटरला रस्त्यापर्यंत पोहोचणारी एक तरी पायवाट हवी. आणि ती अंधारात उसातून जाणारी नको. जुन्नर परिसर बिबट्यांचा आहे, वनखात्याचे बिबट निवारा केंद्र माणिकडोहलाच आहे. संध्याकाळी चारच्या आत सगळे काठावर, असा बेत असावा.

केटी बंधारा: तीन धोके एका जागी

पूर्व भागात कुकडी, मीना, घोड या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. लोक त्यांना केटी म्हणतात. ओळीने खांब, खांबांच्या खाचांत बसवायचे लोखंडी ढापे, वरून माणसे-सायकली जाण्यापुरती वाट. पावसाळ्याच्या तोंडावर ढापे काढतात आणि पाऊस संपताना पाणी अडवायला पुन्हा बसवतात.

ढापे बसवलेले असताना आणि पाणी वरून पडत असताना तो नारळाचा बंधारा असतो. ढापे काढलेले असताना दुसराच धोका तयार होतो. सगळी नदी खांबांमधल्या अरुंद दारांतून वेगाने घुसते. कयाक आडवी झाली तर ती दोन खांबांना आडवी टेकते, पाणी तिला मधोमध दाबते आणि प्लॅस्टिकची होडी दारातच दुमडते. आतल्या माणसाचे पाय तिच्यातच राहतात. तिसरा धोका कचऱ्याचा. पुरात आलेली झाडे, उसाची चिपाडे, जलपर्णी खांबांना अडकून जाळी तयार होते, म्हणजे पुन्हा स्ट्रेनर. एखाद्या दारात ढापा निघालेला नसेल तर तो पाण्याखाली दिसतही नाही.

आणि हे सगळे वरच्या बाजूने येताना दिसत नाही. होडीतून डोळे पाण्याच्या जेमतेम अडीच फूट वर असतात. पुढे पाणी संथ, रुंद, आरशासारखे दिसते आणि मग एक सरळ आडवी रेषा. रेषेपलीकडे पात्र दिसत नाही, फक्त लांबच्या झाडांचे शेंडे दिसतात. संथ झालेली नदी आणि सरळ रेषा एकत्र दिसली की पुढे भिंत आहे असे समजावे आणि निदान शंभर मीटर आधी काठाला लागावे. होडी खांद्यावर घ्यावी, बंधारा चालत ओलांडावा आणि खाली उकळी फुटते त्याच्या बऱ्याच पुढे पुन्हा पाण्यात उतरावे. ‘आज पाणी कमी आहे, जाऊ वरून’ हा विचार कुणी मांडला तर गटातल्या सगळ्यांत अनुभवी माणसाने तो तिथेच थांबवावा.

> चौकट: आदल्या रात्रीचे प्रश्न
>
> घाटमाथ्यावर पुढच्या ३६ तासांचा इशारा काय आहे? वर धरण असेल तर आज विसर्ग किती, उद्या बदलणार का, हे संबंधित कार्यालयाला विचारले का? टप्प्यातले सगळे बंधारे, पूल, मोटारी नकाशावर आहेत का? शेवटच्या पाहणीनंतर पूर येऊन गेला असेल तर नवीन झाडे पडली का, हे कोण पाहून आले? गटातला सर्वांत कच्चा माणूस या पाण्याला पुरेसा आहे का? किती पाणी असेल तर बेत रद्द, याची खूण कोणत्या पुलाच्या खांबावर ठरली आहे? काठावर गाडी घेऊन थांबणाऱ्याला आपली शेवटची वेळ ठाऊक आहे का? यांतल्या एका जरी प्रश्नाला उत्तर नसेल तर उद्या नदीवर नाही, शिवनेरीवर जा.

माणसे आणि सामान

खळाळत्या पाण्याची जगभर सहा श्रेणींत विभागणी करतात. पहिली म्हणजे हलते पाणी, सहावी म्हणजे जिवावरची. श्रेणी नदीची नसते, त्या दिवशीच्या त्या पाण्याची असते. पाचशे क्युसेकला दुसऱ्या श्रेणीतला टप्पा तीन हजाराला चौथ्या श्रेणीत जाऊ शकतो. आणि जिथे रस्ता लांब आहे, मोबाइलला रेंज नाही, बचाव पथक यायला तास लागणार आहे, तिथे प्रत्येक श्रेणी मनातल्या मनात एकाने वाढवून धरावी.

एकट्याने जाऊ नये. तीन होड्या हव्यात, म्हणजे एक अडचणीत आली तर दुसरी मदतीला आणि तिसरी निरोप द्यायला. अंगावर मापात बसलेले लाइफ जॅकेट, हनुवटीला पट्टा असलेले हेल्मेट, पायात बंद बूट. लाइफ जॅकेट खांद्याशी धरून वर उचलून पाहावे, ते कानांपर्यंत सरकत असेल तर पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. कयाकच्या तोंडावर ताणून बसवायच्या झाकणाला पुढे एक कडी असते. ती नेहमी बाहेर राहिली पाहिजे. उलटलेल्या होडीतून बाहेर यायला तीच ओढावी लागते. घाईत ती आत राहिली तर पाण्याखाली, अंधारात, काही सेकंदांत ती सापडणे कठीण.

प्रत्येकाकडे थ्रो बॅग हवी. तरंगणारा पंधरा-वीस मीटर दोर पिशवीत भरलेला असतो. पिशवी फेकली की दोर मोकळा होत जातो. पडलेल्या माणसाने पिशवीऐवजी दोर धरायचा, तो छातीशी घेऊन पाठीवर वळायचे. काठावरच्या माणसाने दोर कधीही स्वतःच्या कमरेला किंवा मनगटाला बांधू नये, पाणी दोघांनाही नेईल. बुडणाऱ्याला पाहून उडी मारणे हा आपला सहज स्वभाव आहे आणि एकाला वाचवायला जाऊन दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. आधी ओरडून दिशा सांगा, मग काठी किंवा वल्हे पुढे करा, मग दोर फेका, मग होडीने जा. स्वतः पाण्यात शिरणे सगळ्यांत शेवटी, तेही शिकलेल्यानेच.

या सगळ्यांतले निम्मेही सरावाचे नसेल तर घोड-कुकडीच्या वरच्या टप्प्यांत या वर्षी जाऊ नये. आधी पोहणे पक्के करा. धरणाच्या संथ जलाशयात, परवानगी घेऊन, होडी उलटली की बाहेर येण्याचा सराव करा. मग कोलाडला किंवा हृषीकेशच्या गंगेवर शिकवणाऱ्यांकडे काही दिवस घालवा. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आहे, त्याप्रमाणे नोंदणी असलेल्या संस्था विचारून निवडा. मुलांना शिबिराला पाठवणाऱ्या आईवडिलांनीही आयोजकाला एवढे विचारावे: नोंदणी आहे का, पाण्यात बचावाचे प्रशिक्षण कुणाकडे आहे आणि पाणी वाढले तर बेत कोण रद्द करतो?

एक विनंती नदीकाठच्या ग्रामपंचायतींना आहे. जुन्नर तालुका २०१८ मध्ये विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर झाला आणि नदीवर येणारी माणसे वाढतच जाणार आहेत. प्रत्येक केटी बंधाऱ्याच्या शंभर मीटर वर, दोन्ही काठांवर, पाण्यातून दिसेल असा एक पिवळा फलक लावावा: ‘पुढे बंधारा आहे, इथेच बाहेर पडा.’ त्याखाली ११२ आणि १०८ हे क्रमांक लिहावेत. येत्या पावसाळ्याआधी एवढे करता येईल.